जुनी मारुती आणि आपल्या उसाचं पेट्रोल



हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि रांग लागली की गप्पा आल्याच. पूर्वी या गप्पा तोडीच्या, उताऱ्याच्या आणि बिलाच्या असत. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. "आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचं रबर खातंय म्हणे, खरं काय हो?" असा प्रश्न आम्हाला काट्यावर, गट कार्यालयात, एवढंच काय, लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारला जातो. विचारणाऱ्यांत नव्या गाडीवाले थोडे आणि जुन्या मारुतीवाले जास्त.

आपल्या गावांत ही जुनी मारुती आठशे अजून बरीच आहे. कुणाच्या वडिलांनी ऊस बिलाचे पैसे साठवून घेतलेली, कुणाच्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी दारात आलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी या गाडीची पहिली किल्ली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची आठशे कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षं एक गाडी चालली, हे काही साधं नाही. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, हात सगळीकडे पोचतो. ज्याने डिझेल इंजिनाचा पंप खोलून बसवला आहे, त्याला या गाडीत घाबरण्यासारखं काही नाही. पुढे लिहिलेली बरीचशी कामे रविवारी सकाळी अंगणात बसून करता येतात, म्हणूनच हा लेख.

पहिल्यांदा प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. होय, जुन्या गाडीच्या साध्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आम्ही साखर कारखान्याच्या वार्तापत्रातून लिहितो आहोत, तेव्हा इथेनॉलची बाजू घेणार हे उघड आहे. पण सभासदाच्या गाडीखाली पेट्रोल ठिबकत असताना "काही होत नाही, दादा" म्हणून पाठ थोपटणे आम्हाला जमणार नाही. रबर खराब होते ही गोष्ट खरी, आणि थोडक्या पैशांत, थोड्या मेहनतीत त्याचा बंदोबस्त होतो हीसुद्धा तितकीच खरी.

टाकीत आपला ऊस किती?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग आपल्या देशात २००१ साली सुरू झाले. त्या वेळच्या प्रायोगिक ठिकाणांत आपल्या महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन गावं होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं. मग बरीच वर्षं गाडं रखडत चाललं. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर त्याला वेग आला, २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्क्यांच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास झालं. आज पंपावर आपण जे घेतो, ते साधारण हेच.

आता हिशेब बघा. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं, तर सुमारे ७० लिटर मिळतं असं धरतात. बी-हेवी मळीच्या एका टनापासून ३०० लिटर आणि सी मळीच्या टनापासून २२५ लिटर. आठशेची टाकी साधारण २८ लिटरची. तिचा पाचवा हिस्सा म्हणजे साडेपाच लिटरांहून थोडं जास्त. रसाच्या हिशेबाने एक टाकी भरली की तिच्यात सुमारे ८० किलो ऊस गेला! सगळंच इथेनॉल उसाचं नसतं, मक्याचं आणि धान्याचंही असतं, ही गोष्ट वेगळी. पण ज्या मळीचं काय करायचं असा प्रश्न एके काळी कारखान्यांना पडायचा, तिचे आज पैसे होतात आणि ते फिरून सभासदाच्या बिलात येतात. त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवताना आपण कुणाला नावं ठेवतो आहोत, याचा विचार करावा.

तरी मायलेजचं खरं ते सांगायला हवं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच असं म्हटलं आहे की, ज्या चारचाकी गाड्या निव्वळ पेट्रोलसाठी घडवल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवल्या, त्यांचं मायलेज वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १५ देईल. यापेक्षा फार जास्त घट दिसत असेल, तर दोष इथेनॉलवर ढकलून मोकळं होऊ नका. ब्रेक घासतोय का, टायरात हवा आहे का, एअर फिल्टर कधी बदलला होता, हे आधी बघा. आमचा अनुभव असा की, दहातल्या पाच-सहा गाड्यांत कारण तिथेच सापडतं.

रबराला होतं काय?

दारू पाण्यात मिसळते आणि पेट्रोल मिसळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथेनॉल म्हणजे दारूच. ते हवेतली ओल ओढून घेतं. त्याचबरोबर साध्या रबरात शिरून ते रबर फुगवतं, मऊ करतं. मग गाडी उभी राहिली, पाइप वाळला, की तेच रबर आक्रसतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. ज्या गाड्यांचं आरेखन ऐंशी-नव्वदच्या दशकात झालं, त्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, कार्ब्युरेटरमधली गॅस्केटं, पंपाचा पडदा ही सगळी निव्वळ पेट्रोलचा विचार करून केलेली. त्यात त्यांचं वयही झालेलं. वीस-पंचवीस वर्षांची रबरी नळी इथेनॉल नसतं तरी बदलायलाच हवी होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

सरकारनेही ही गोष्ट नाकारलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जे निवेदन काढलं, त्यात काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील, ते काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं, असं म्हटलं होतं. काम स्वस्त आहे हे आम्हालाही मान्य. पण 'नेहमीचं सर्व्हिसिंग' हा शब्द शहरातला. आपल्याकडे गाडी बंद पडल्याशिवाय सर्व्हिसिंगला जाते कुठे?

तेव्हा पुढच्या अमावास्येची वाट न बघता एक काम आजच करा. इंजिन गार असताना बॉनेट उघडा आणि पेट्रोलच्या प्रत्येक रबरी नळीला दोन बोटांत धरून हलकेच दाबा, वाकवा. चिरा दिसल्या, नळी चिकट लागली, दगडासारखी कडक झाली किंवा लोण्यासारखी मऊ लागली, क्लिपेजवळ फुगवटा दिसला किंवा नुसता पेट्रोलचा वास आला, तरी ती नळी गेली असं समजा. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, उंदीर. उसाच्या फडाला तोड लागली की फडातले उंदीर गोठ्यात येतात आणि गोठ्याशेजारच्या गाडीत बिऱ्हाड करतात. नळ्यांवर दातांच्या खुणा आहेत का, वायरींची सालं निघाली आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या. बॉनेटखाली उंदराचं घरटं, शेजारी गळकी नळी आणि वर गरम एक्झॉस्ट, एवढं जमलं की पुढचं आम्ही सांगायला नको.

नळ्या बदलण्याचं काम

हे सांगतो ते कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल. २००० सालाच्या आसपास आठशेत इंजेक्शनचं इंजिन आलं. त्यात पंप टाकीत असतो आणि नळीत पेट्रोल दाबाने खेळतं. त्या गाडीची नळी अंगणात बसून सोडू नये, ती गॅरेजमध्येच द्यावी. आपली कोणती हे ओळखायचं असेल, तर इंजिनावर हवेच्या फिल्टरखाली कार्ब्युरेटर आहे का ते बघा किंवा मिस्त्रीला विचारा.

नळी घ्यायला जाताना दुकानदाराला नुसतं "पेट्रोलचा पाइप द्या" म्हणू नका. तो हिरवा-पिवळा पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप काढून देईल. तो वर्षात कडक होऊन तडकतो. इथेनॉलला टिकणारी नळी मागा. तिच्यावर 'एसएई जे-३० आर-९' असं छापलेलं असतं. आत फ्लोरोकार्बन रबराचा थर असलेली ही नळी साध्या नळीपेक्षा महाग पडते, पण आठशेला लागते ती मिळून दोन-तीन हात, तेव्हा तिथे काटकसर करू नये. मापासाठी जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या. सैल नळी क्लिप आवळून बसवायची आणि घट्ट नळी तेल लावून रेटायची, हे दोन्ही चुकीचं. क्लिपा नव्याच घ्या, आणि गोल बसणाऱ्या घ्या. तार पिळून बांधणे हा प्रकार मोटेच्या काळातला.

काम उघड्यावर करा, शेडमध्ये नको. विडी-काडी लांब. शेजारी चुलीचा जाळ, गोठ्यातला उघडा बल्ब, काही नको. बादलीभर कोरडी वाळू किंवा माती हाताशी ठेवा, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते. बॅटरीची वजा बाजूची तार आधी काढा. टाकीचं झाकण एकदा सैल करून पुन्हा लावा, म्हणजे आतला दाब निघून जातो. टाकीत पेट्रोल कमी असताना हे काम केलेलं बरं.

आता महत्त्वाची गोष्ट, एका वेळी एकच नळी काढायची. पंपात येणारी, पंपातून कार्ब्युरेटरला जाणारी आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी, या नळ्या शेजारी-शेजारी असतात. सगळ्या एकदम काढल्या की कोणती कुठली, याचं कोडं पडतं. आणि कोडं चुकलं तर गाडी सुरू होत नाही, झाली तर पेट्रोल भलतीकडे जातं. जुनी नळी काढताना ओढू नका. ती चिकटलेली असते आणि ओढल्यावर खालची पितळी किंवा लोखंडी नळकांडी वाकते. ब्लेडने उभी चीर द्या, केळीच्या सोपटासारखी सुटते. नवी नळी जुनीच्या लांबीची, धारदार चाकूने सरळ कापा. नळकांडीच्या टोकाला जो उंचवटा असतो, त्याच्या पुढे इंचभर नळी गेली पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावरच क्लिप आवळली तर ती हळूहळू सटकते. आवळताना रबर क्लिपेच्या कडेने फुगून वर येऊ लागलं की थांबा.

त्याच बैठकीत पेट्रोलचा फिल्टर बदलून टाका. त्यावर बाण असतो, तो पंपाकडे. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा आणि गंज सोडवतं, तो सगळा या फिल्टरमध्ये येऊन बसतो. नव्या पेट्रोलवर गाडी दोन-चार टाक्या चालली की मध्येच दचके खाते आणि चढाला मान टाकते, त्याचं कारण बहुधा हेच असतं. तेव्हा पहिला फिल्टर हजार-दीड हजार किलोमीटरवर काढून बघावा. आतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं निघालं, तर दुसराही बदलावा. त्यानंतर मात्र बराच काळ चिंता नाही.

बॅटरीची तार जोडा, गाडी सुरू करा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून बघा. कागद ओला झाला तर गळती आहे. दहा मिनिटं चालवून पुन्हा बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा. टाकीजवळ, गाडीच्या मागच्या पोटाखाली आणखी काही नळ्या असतात. टाकीच्या नरड्याचा जाड पाइपही तिथलाच. त्यांसाठी गाडी उचलावी लागते, तेव्हा ते काम रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या. जॅकवर किंवा दगडावर गाडी टेकवून तिच्याखाली झोपू नये. हे आम्ही कितीदा लिहिलं तरी थोडंच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली असं झोपणारे आपल्यात आहेत, म्हणून पुन्हा लिहितो.

पंप, कार्ब्युरेटर आणि काडी

आठशेचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि त्यात रबरी पडदा असतो. हा पडदा फाटला तर दोन खुणा दिसतात. एक, पंपाच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकतं. दुसरी खूण जास्त फसवी. पेट्रोल आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. काही जण खूश होतात, "बघा, आमची गाडी ऑइल खातच नाही!" डिपस्टिकचं टोक नाकाला लावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवा, पंप बदला आणि ऑइलही बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं, आणि मग हजाराचं काम वीस हजारांवर जातं. पंप आखाच मिळतो, दोन बोल्टवर बसतो. खालचं गॅस्केट नवीन घालावं.

कार्ब्युरेटरचा दुरुस्ती संच मिळतो. त्यात गॅस्केटं, सुई आणि पिकअपचा पडदा असतो. ज्याचा हात बारीक कामाला बसलेला नाही त्याने हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं, पण संच आपण स्वतः विकत घेऊन हातात द्यावा आणि जुने भाग परत मागून घ्यावेत. मिस्त्रीवर संशय म्हणून नव्हे, काय बदललं हे आपल्याला कळावं म्हणून.

आता जुळवणीचा भाग. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जुळवणीवर इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडल्यासारखं होतं. इंजेक्शनची गाडी हा फरक बऱ्याच अंशी आपोआप सावरून घेते, कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही. हे ओळखायचं साधन म्हणजे प्लग. प्लगच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा तांबूस असेल तर सगळं ठीक. काळा, काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असेल तर कमी. वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर जुन्या गाड्यांचे प्लग पांढऱ्याकडे झुकतात. मग आयडलिंगचा मिश्रणाचा स्क्रू पाव ते अर्धा आटा बाहेर सोडून बघायचा आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा प्लग काढायचा. एवढ्याने भागलं नाही, गाडी वेगात असताना आणि चढाला ओढत नसली, तर प्रश्न जेटचा आहे. जेटाची भोकं सुईने मोठी करणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा. जेट मापाचा मिळतो, तोच घालावा.

प्लग काढायचे ते इंजिन पूर्ण गार असताना. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याचे आटे मऊ. प्लग बसवताना पहिले चार आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा सुरुवात करा. पान्याने रेटलात तर आटा कापला जातो आणि खर्च हेडवर येतो. प्लगमधली फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. पॉइंटच्या गाडीत पॉइंटची फट ०.४ ते ०.५. दोन्ही मापं फिलर गेजने घ्यायची. पोस्टकार्डाच्या जाडीने पॉइंट लावणारे जुने मिस्त्री आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतही होत्या, पण आता ना ती पोस्टकार्डं राहिली, ना ते हात.

थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, अशी तक्रार येते. ती खरी आहे. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून गार इंजिनात ते लवकर पेट घेत नाही. चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका, सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने चोक हळूहळू आत सोडा. चोकची केबल गंजून अडकलेली असते आणि कित्येकांना आपल्या गाडीला चोक आहे हेच आठवत नाही! केबलमध्ये थोडं तेल सोडलं की काम भागतं.

आणखी एक सवय बदलायला हवी. आपल्यापैकी अनेकांची मारुती महिना-महिना शेडमध्ये उभी असते. लग्नसराई आली, पाहुणे आले की बाहेर निघते. निव्वळ पेट्रोलला ते चालून जायचं. इथेनॉलच्या पेट्रोलला नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा भरते, रात्री तिचं पाणी होतं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्या पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. पंप ओढतो तळातूनच. मग सकाळी गाडी सुरू होत नाही आणि आपण पंपवाल्याला शिव्या देतो. गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, झाकणाचं रबर तडकलं असेल तर नवं झाकण घ्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. मागचं पेट्रोल सहा महिन्यांचं असेल तर ते काढून टाकलेलंच बरं. काढलेलं पेट्रोल आणि जुनं ऑइल ओढ्यात, पाटात किंवा उकिरड्यावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या, जुनं ऑइल ते घेतात.

दिवे

जुन्या गाडीला नवं काही बसवायचं झालं तर लोक सीट कव्हर आणि गाणी वाजवायचं यंत्र बसवतात. आमच्या मते पहिला पैसा दिव्यांवर घालावा. हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर काय चालतं, हे सभासदांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी, बैलगाड्या, वर रस्त्यावर सांडलेला ऊस. आठशेचे जुने दिवे त्यात अंधाराशी अंधारच मिसळतात.

दिवे मंद होण्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतं. बॅटरीतून निघालेला प्रवाह बारीक वायरने स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि लांबच्या वाटेने दिव्यात येतो. वाटेत गंजलेले जोड असतात. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि बल्बवर अकरा, असं सर्रास आढळतं, आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड बराच पडतो. काही जण यावर ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब घालतात. असं करू नये. जास्त प्रवाहाने तीच बारीक वायर आणि होल्डर वितळतात, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते कायद्यातही बसत नाही.

खरा उपाय रिलेचा. जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते आणि दिव्याला लागणारा प्रवाह बॅटरीतून जाड वायरने, फ्यूजमधून, थेट येतो. जवळच्या आणि लांबच्या उजेडासाठी एकेक, असे दोन रिले लागतात. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, त्याला १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. पिना तयार जोडलेला वायरिंगचा संच मिळतो. जुन्या बल्बची पिन त्यात खोचायची, संचाच्या पिना बल्बांना लावायच्या, रिले रेडिएटरपासून दूर कोरड्या जागी स्क्रूने बसवायचे. जोडण्यापूर्वी बॅटरीची वजा तार काढलेली असावी. झाल्यावर गावातल्या वायरमनकडून, म्हणजे गाड्यांच्या, विहिरीवरच्या मोटारींच्या नव्हे, एकदा तपासून घ्यावं. वायरींवर नालीदार प्लॅस्टिकची नळी चढवली की उंदरालाही थोडा आळा बसतो.

मग संध्याकाळी गाडी सपाट जागेवर, भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करा. टायरात हवा बरोबर असावी, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा. दिव्यांच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. जवळचा उजेड लावल्यावर त्याची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली पडली पाहिजे. वर पडत असेल तर दिव्यामागचे स्क्रू फिरवून खाली आणा. घरात रिफ्लेक्टरची लाल पट्टी उरली असेल, तर तीही त्याच संध्याकाळी आपल्या ट्रॉलीच्या मागे चिकटवून टाका.